फेलोशिपचा अर्ज भरण्याआधी

चि. मुक्ता,

तुझा संशोधन-प्रस्ताव नीट वाचला. चिप डिझाइनची चांगली नोकरी सोडून या उद्योगाच्या धोरणावर पीएचडी करायचं तुझ्या मनाने घेतलं, याचा मला फार आनंद आहे. पण ‘भारताचे सेमीकंडक्टर धोरण : आव्हाने आणि संधी’ हा नुसता विषय झाला, त्यात प्रश्न कुठेच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटींची योजना मंजूर झाली, हे निवड समितीला तुझ्याकडून कळायला नको. तुला नेमकं काय खटकतंय, ते त्यांना हवं असतं.

मोहालीचं बघ. तिथल्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली उत्पादन सुरू झालं. तैवानची टीएसएमसी स्थापन झाली १९८७ मध्ये, म्हणजे आपल्या मागून. १९८९ साली मोहालीच्या कारखान्याला आग लागली आणि तेव्हापासून सगळं खापर त्या आगीवर फुटत आलंय. मला ते पटत नाही. आगीच्या आधीच्या पाच वर्षांत तिथल्या चिप घेत कोण होतं? टीएसएमसीने पहिल्यापासून दुसऱ्यांनी डिझाइन केलेल्या चिप बनवून देण्याचाच धंदा मांडला, फिलिप्सला भागीदार करून घेतलं. मोहालीत डिझाइनपासून चाचणीपर्यंत सगळं एकाच छपराखाली. बांधलं ते गिऱ्हाईक बघून की नुसतं स्वावलंबन म्हणून? आज साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाचा निम्मा खर्च केंद्र सरकार उचलतंय, तेव्हा हा प्रश्न शिळा झालेला नाही.

आणि तो तपासता येतो. वार्षिक अहवाल शोध, संसदेतली प्रश्नोत्तरं चाळ. त्याहीआधी तिथे काम केलेल्या अभियंत्यांना गाठ. ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत, कागद थांबतील. टेपआउटच्या, म्हणजे तयार डिझाइन कारखान्याकडे पाठवण्याच्या, आदल्या आठवड्यातली धावपळ तू स्वतः केली आहेस, त्यामुळे ते तुझ्याशी मोकळेपणाने बोलतील. प्रस्तावात या अनुभवाचा तू उल्लेखसुद्धा केलेला नाहीस. तो पहिल्या परिच्छेदात हवा.

ॲनाली सॅक्सेनियनचं ‘रीजनल ॲडव्हांटेज’ (१९९४) वाच. उद्योग एकच, पण सिलिकॉन व्हॅली सावरली आणि बॉस्टनचा रूट १२८ मागे पडला; तुलना कशी बांधायची हे त्यात बघायला मिळेल.

पैशाचं म्हणशील तर नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. तुझ्या आजच्या पगारापुढे कमीच, पण काटकसरीने निभतं. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप इथे पीएचडीला नाव नोंदवल्यावरच मिळते आणि ती काही महिन्यांचीच असते, म्हणून ती नंतर. आधी मार्गदर्शक बघ, आयआयटी की आणखी कुठे हे मागाहून. त्यांच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांना भेटून एवढंच विचार, की दिलेलं प्रकरण सर वाचून कधी परत करतात. उत्तर देताना मुलं घुटमळली, तर दुसरं दार बघ.

नवा प्रश्न एका वाक्यात लिहून पाठव, फॉर्मला तोवर हात लावू नकोस. वहिनीला तुझ्या नोकरीची काळजी लागून राहिली आहे. तिच्याशी मी बोलते.

तुझी,
आत्या