गोठ्यामागचा मॅसी चालता करायला किती खर्च येतो?

अण्णा गेले आणि त्यांचा मॅसी 1035 गोठ्यामागे उभा राहिला, तो सहा वर्षं तसाच. 1986 सालचा ट्रॅक्टर. तो पुन्हा चालता करायला आम्हाला एकंदर 1 लाख 62 हजार रुपये लागले. त्यातले निदान तीस हजार वाचले असते आणि अण्णांच्या दोन वस्तूही हातच्या गेल्या नसत्या. म्हणून हा हिशेब मांडतो आहे. दर बार्शी-सोलापूर भागात आम्ही मोजलेले आहेत. तुमच्याकडे थोडं कमी-जास्त होईल.

मिस्त्रीला बोलावण्याआधी घरात बसून एक यादी करा. काय दुरुस्त करायचं याची नव्हे, ती मिस्त्री करेलच. कशाला हात लावायचा नाही, याची. आम्ही ती केली नाही. स्टिअरिंगला एका जागी तडा होता. अण्णांनी तिथे सायकलची ट्यूब कापून घट्ट गुंडाळली होती, आणि अंगठा टेकून टेकून तिला खळगा पडला होता. गॅरेजवाल्याने नवं स्टिअरिंग बसवलं आणि जुनं भंगारात घातलं. टूलबॉक्सचंही तेच झालं. त्याचा दोष किती म्हणायचा? ‘सगळं नवं करा’ असं आम्हीच सांगितलं होतं. तेव्हा ट्रॅक्टर सोडताना चारी बाजूंनी फोटो काढा, यादी लिहून द्या आणि ‘काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत हवा’ हे कागदावर आणा. याने पैसेही वाचतात, कारण कोणता पार्ट खरंच गेला होता ते डोळ्यांनी बघता येतं.

दुसरी चूक महागात पडली. इंजिन जाम होतं, म्हणून आम्ही ते गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढलं. इंजिन फिरलं, पण रिंगा तुटल्या आणि लायनरला ओरखडे पडले. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनाचे नोझल काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल थोडं थोडं सोडायचं, चार-आठ दिवस मुरू द्यायचं आणि मग हाताने हळूहळू फिरवून बघायचं. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाकी धुवायची. एअर क्लीनर उघडायचा. आमच्यात उंदराचं अख्खं घरटं निघालं. एवढ्याला हजार-दीड हजारापलीकडे खर्च नाही.

इंजिन फिरलं तरी लगेच खोलू देऊ नका. काळा धूर आणि ताकद कमी, एवढंच असेल तर दोष बऱ्याचदा पंपात नाहीतर नोझलमध्ये असतो. पंप कॅलिब्रेशन आणि तिन्ही नोझल मिळून आमचे 11 हजार झाले. ब्रीदरमधून सारखा धूर येतो आहे, ऑइल प्रेशर उतरलं आहे, तेव्हा मात्र इंजिन खोलावंच लागतं. पिस्टन-लायनर, रिंगा, बेअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम आणि मजुरी धरून 52 हजार. क्रँक किती थाऊ घासली, ते लेथवाल्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढच्या वेळी बेअरिंग त्याच मापाचे लागतील.

आमचं एक बरं होतं. सिम्प्सनच्या या तीन सिलिंडरच्या इंजिनाचे पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात, कारण 1035 हे मॉडेल अनेक वर्षं चाललं. तुमच्याकडे एचएमटी असेल तर आधी पार्टची चौकशी करा, मग इंजिन खोला. पिंजोरचा तो ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय 2016 सालीच झाला.

बाकीचा खर्च भराभर सांगतो. क्लच आणि ब्रेक 14 हजार. हायड्रॉलिक लिफ्ट 6 हजार. रेडिएटर 4 हजार. वायरिंग, बॅटरी आणि सेल्फ मिळून 13 हजार. नेआण आणि किरकोळ 6 हजार.

टायरला मात्र वेळ द्या. मागची जोडी 38 हजारांना पडली. 12.4-28 की 13.6-28, हे जुन्या टायरवर वाचूनच दुकानात जा. वजनासाठी मागच्या टायरात पाणी भरायची आपल्याकडे पद्धत आहे. ते वर्षानुवर्षं राहिलं की रिम आतून गंजते, म्हणून टायर उतरवल्यावर व्हॉल्व्हच्या भोकाभोवती हातोडीने ठोकून बघा. पुढचे टायर आम्ही तेच ठेवले. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरचे मागचे टायर आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. आमची खरेदी त्याआधीची. तुम्ही पक्कं बिल मागा आणि त्यावरचा दर वाचा.

रंगाचे 18 हजार. इथे मी हट्टाने एक गोष्ट करून घेतली. डाव्या मडगार्डच्या कडेला रंग उडून लोखंड गुळगुळीत झालं आहे. आम्ही भावंडं तिथे धरून बसायचो आणि अण्णा बाजारच्या दिवशी ज्वारीची पोती ट्रॉलीत घालून बार्शीला निघायचे. (आज लेकरांना मी मडगार्डवर बसू देत नाही. अपघात बघितले आहेत.) पेंटरला ती वीतभर जागा सोडायला सांगितली. गंजू नये म्हणून तिच्यावर नुसतं क्लिअर लॅकर मारलं. रंग मूळचा लालच ठेवा. आरसी बुकात रंगाची नोंद असते, वेगळा दिला तर आरटीओत कळवावं लागतं.

नुसत्या पैशाचा विचार केला तर हा सौदा फायद्याचा नाही. एवढ्यात चांगला जुना ट्रॅक्टर मिळू शकतो. रोटाव्हेटर आणि ऊसवाहतूक करायची असेल तर तोच घ्या. चार-पाच एकरांची पेरणी, फवारणी आणि घरची ट्रॉली, एवढ्यासाठी आमचा मॅसी पुरतो.

कागद शेवटाला ठेवू नका. मालक वारला असेल तर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नाव लावायचं असतं. नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. आमचं दोन्ही राहून गेलं होतं, त्याचा दंड भरला आणि खेटेही घातले. वारसांची संमतिपत्रं आधीच तयार ठेवा. बहिणींच्या सह्या गोळा करण्यातच आमचा महिना गेला.

1 एप्रिल 2019 पूर्वीच्या ट्रॅक्टरला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. महाराष्ट्रात तिचे 450 रुपये अधिक जीएसटी. ती बसवताना जुनी पाटी काढावी लागली. ब्रशने पिवळ्या रंगात काढलेले आकडे आणि कोपऱ्यात पेंटरने हौसेने काढलेलं कमळ. ती मी मागून घेतली. आता ती धान्याच्या खोलीच्या दारावर आहे.