फोर्क करण्याआधी प्रोसेसचं वजन बघा

पहाटे पावणेचारला फोन वाजला. रात्रीचे अहवाल तयार झाले होते, पण एकाचीही झिप झाली नव्हती. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हापुन्हा उमटलेली : 'कॅनॉट अलोकेट मेमरी'. मशिनची रॅम ६४ जीबी, त्यातली २० जीबीहून जास्त मोकळी. आणि अडलं होतं कशाला, तर दोन-चार एमबीत भागणाऱ्या जीझिपला! तासभर मी जीझिपमध्येच खोट शोधत बसलो. खोट माझ्याच कोडमध्ये होती.

आमचा सी प्लस प्लस प्रोग्राम नकाशांचा सगळा डेटा मेमरीत ठेवायचा. त्याचं वजन ३४ जीबी. जीझिप चालवायला मी शिकलो होतो तसं आधी फोर्क, मग एक्झेक केलं होतं. फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत; एक्झेक त्या प्रतीत नवा प्रोग्राम चढवतो. मेमरीची पानं मात्र लगेच कॉपी होत नाहीत. मूळ (पॅरेंट) आणि प्रत (चाइल्ड) दोघं तीच पानं वापरतात आणि कुणी लिहायला गेलं, तरच त्या पानाची वेगळी प्रत निघते. या 'कॉपी ऑन राइट'वर विसंबून मी फोर्क फुकटात धरला होता.

कर्नलने तो तसा धरला नाही. त्याच मशिनवर पोस्टग्रेस डेटाबेस होता, म्हणून ओव्हरकमिटचा मोड २ ठेवलेला. या मोडमध्ये लिनक्स किती मेमरी वापरली हे बघत नाही, किती कबूल केली हे बघतो. आमची मर्यादा होती ८ जीबी स्वॅप आणि रॅमचे ८० टक्के, म्हणजे साधारण ५९ जीबी. 'मेमइन्फो' फाइल उघडली, तर ४१ जीबी आधीच कबूल झालेली. फोर्कने आणखी ३४ मागितली. बेरीज ७५. जीझिप सुरू होण्याआधीच कर्नलने नकार दिला होता. माझ्या लॅपटॉपवर मोड शून्य आणि चाचणीचा डेटा जेमतेम २०० एमबी, त्यामुळे तिथे हे कधी दिसलंच नाही.

"अरे, मोड १ करून टाक ना, काम होईल," सहकारी म्हणाला. मी नको म्हटलं. त्या मोडमध्ये कर्नल कबुली मोजतच नाही. मेमरी खरोखर संपली, तर ओओएम किलर एखादी प्रोसेस मारतो. ती डेटाबेसची असली तर काय करायचं?

शिवाय फोर्क यशस्वी झाला, तरी किंमत सुटत नाही. ४ केबीच्या पानांनी ३४ जीबी म्हणजे जवळपास ९० लाख पानं. प्रत्येकाची पेज टेबलमधली नोंद ८ बाइटची, म्हणजे नुसत्या नोंदीच ६८ एमबीच्या आसपास. त्या कॉपी होईपर्यंत फोर्क करणारा थ्रेड थांबतो. त्यानंतर मूळ प्रोसेस ज्या पानावर लिहील, तिथे पेज फॉल्ट.

म्हणून माझं सांगणं असं.

नुसती बाहेरची कमांड चालवायची असेल, तर पॉझिक्स स्पॉन वापरा. ग्लिबसी २.२४ पासून लिनक्सवर ते पेज टेबल कॉपी न करता, मूळ मेमरीतच थोडा वेळ राहून एक्झेक करतं. मी तेवढा बदल केला आणि त्याच मशिनवर, त्याच मोडमध्ये झिप होऊ लागल्या. तसंच मूळ मेमरीत राहणारा व्हीफोर्क मात्र स्वतःच्या कोडमध्ये वापरायला जाऊ नका. त्यात चाइल्डने चुकून लिहिलेलं पॅरेंटच्या मेमरीत उमटतं.

पायथॉन असेल तर आवृत्ती बघा. ३.१० पासून लिनक्सवर सबप्रोसेस शक्य तिथे व्हीफोर्क वापरतं, पण प्रीएक्झेक फंक्शन दिलंत की पुन्हा फोर्कवर येतं.

कमांड वारंवार चालवायच्या असतील, तर डेटा चढवण्याआधीच एक छोटी मदतनीस प्रोसेस सुरू करा आणि पाइपवरून तिला कामं सांगा. मूळ प्रोसेस हलकी असतानाच ती जन्मलेली असते. अँड्रॉइडचा झायगोटही असाच लवकर तयार होऊन पुढची ॲप्स जन्माला घालतो.

थ्रेड असतील तर फोर्कनंतर एक्झेकपर्यंत लॉगही लिहू नका, मेमरीही मागू नका. चाइल्डमध्ये फोर्क करणारा एकच थ्रेड उरतो. दुसऱ्याने धरलेलं लॉक सोडायला तिथे कुणी नसतं आणि चाइल्ड कायमचा अडकतो.

आणि चाचणी भरल्या वजनाने करा. मी आता डेटा पूर्ण चढवून, प्रॉडक्शनचाच मोड लावून, आधी एक साधी 'ट्रू' कमांड चालवून बघतो. ती काहीच करत नाही, म्हणून ती अडली तर दोष तिचा नसतो, तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसच्या वजनाचा असतो. त्या पहाटे जीझिपच्या जागी हीच कमांड चालवून बघितली असती, तर तो तास वाचला असता.