बोलणं स्वच्छ, मग फॅक्सच का तुटतो?

प्रश्न : दवाखान्याचा फोन ब्रॉडबँडवर आला. बोलणं उत्तम ऐकू येतं, पण फॅक्स दुसऱ्या-तिसऱ्या पानावर तुटतो. मशीन बिघडलंय का?

उत्तर : बहुधा नाही. माणसाचा कान दयाळू असतो. शब्दातला एखादा तुकडा गळला तरी मेंदू तो भरून काढतो. फॅक्स मशीनला ही सवलत नाही. पानावरचे काळे-पांढरे ठिपके ते सुरांत बदलून पाठवतं, आणि ते सूर अखंड पोहोचावे लागतात. इंटरनेटवर आवाज पाकिटांतून जातो. काही पाकिटं उशिरा येतात, काही हरवतात. त्यातच जी.७२९ सारखं कोडेक (आवाज डेटात बदलणारी पद्धत) आवाज आवळतं, तेही मानवी बोलण्याच्या हिशोबाने. फॅक्सचे सूर त्यात पार विस्कटतात.

जी.७११ या दुसऱ्या कोडेकमध्ये सूर बरेच टिकतात, पण पाकिटं हरवायची थांबत नाहीत.

खरा तोडगा टी.३८ हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं १९९८ सालचं मानक. यात गेटवे (फोन आणि इंटरनेट यांना जोडणारं यंत्र) सुरांचा पुन्हा डेटा करतो आणि प्रत्येक पाकिटासोबत आधीच्या मजकुराची प्रतही जोडू शकतो. मात्र सेवा देणाऱ्या कंपनीकडेही ते चालू हवं. आधी तेच विचारावं. (विक्रेते हे आपणहून क्वचितच सांगतात.) तोवर मशीनचा वेग सेकंदाला १४,४०० बिट्सवरून ९,६०० वर आणून पाहावा.