‘ही गोळी किती दिवसांची?’

मागच्या अंकात झोपेबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रं एकाच वस्तूभोवती फिरणारी : घबराटीसाठी, चिंतेसाठी, झोपेसाठी घेतली जाणारी ती छोटी गोळी. त्यातली पाच निवडली आहेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६१. सहा वर्षांपूर्वी यजमान अचानक गेले. पंधरा दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.५ रात्री घ्यायला दिली. तीच आजतागायत चालू आहे. डोस कधी वाढवला नाही. गेल्या महिन्यात मुलगी म्हणाली, “आई, तू गोळ्यांच्या आहारी गेली आहेस.” ते इतकं लागलं की त्याच रात्री गोळी बंद केली. दुसऱ्या रात्री झोप नाही, हातांना कापरं, छातीत धडधड, आणि मोरीतला ठिबकणारा नळ कानात हातोडा मारल्यासारखा. तिसऱ्या रात्री परत घेतली, तासाभरात सगळं शांत. मी व्यसनी झाले का? (कराड)

उत्तर : नाही बाई. तुमच्या शरीराला गोळीची सवय झाली आहे. व्यसन ही निराळी गोष्ट. व्यसन लागलेला माणूस डोस वाढवत नेतो, गोळीसाठी खोटं बोलतो, एका मेडिकलमध्ये मिळाली नाही तर दुसऱ्या पेठेत जातो, नुकसान दिसत असूनही थांबत नाही. तुम्ही सहा वर्षं चिठ्ठीवर लिहिलेली एक गोळी घेतलीत. मुलीला एवढं वाचून दाखवा.

मग हात का कापले? अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी एका कुळातली औषधं. कुळाचं नाव बेन्झोडायझेपिन. मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन असतं, मेंदूची धावपळ आवरणं हे त्याचं काम. गोळी या गाबाचा जोर वाढवते. रोज बाहेरून मदत येतेय म्हटल्यावर मेंदू आपला हात आखडता घेतो. घरी सहा वर्षं स्वयंपाकाला बाई येत असतील आणि एके सकाळी न सांगता यायच्या थांबल्या, तर जो गोंधळ उडेल तोच तुमच्याकडे दुसऱ्या रात्री उडाला. घरच्यांना स्वयंपाक येत नाही असं थोडंच आहे? हाताची सवय मोडलेली असते, ती परत यायला वेळ द्यावा लागतो.

पुष्कळ जण इथेच फसतात. कापरं सुटलं की त्यांना वाटतं, मूळचा आजार उलटला, आता गोळी जन्माची. वास्तविक ते गोळी शरीरातून उतरण्याचं लक्षण असतं. म्हणून आता पुन्हा एकदम बंद करू नका. मोठ्या डोसवरच्या माणसाला तर एकदम थांबल्यानं फिटही येऊ शकते.

दुसरं, तो ०.५ चा आकडा. ‘अर्धीच तर आहे’ हे वाक्य मी दिवसातून दोनदा ऐकतो. मिलिग्रॅमचे आकडे एका औषधाचे दुसऱ्याला लावता येत नाहीत. अल्प्राझोलामचं अर्धं मिलिग्रॅम ढोबळमानानं डायझेपामच्या दहा मिलिग्रॅमच्या तोडीचं आहे. गोळी छोटी, काम मोठं.

सोडायची कशी? सावकाश. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला प्राध्यापक हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं या गोळ्या सोडवण्यासाठीच दवाखाना चालवला. तिथून जगभर गेलेली गोष्ट साधी आहे : डोस थोडा थोडा उतरवा, आणि वेग रुग्णाच्या सोयीचा ठेवा. हल्ली सर्वसाधारणपणे दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या पाच-दहा टक्के कमी करतात. सहा वर्षांच्या सवयीला आठ-दहा महिने किंवा वर्ष लागलं तरी लागू दे. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरतं, म्हणून काही वेळा डॉक्टर आधी लांब टिकणाऱ्या औषधावर नेतात आणि मग तेच कमी करतात. ते गणित त्यांच्यावर सोडा. तुम्ही वही ठेवा : तारीख, डोस, झोप किती तास. मधे एखादी रात्र वाईट जाईल. त्या रात्री डोस वाढवू नका; वाटल्यास त्याच पायरीवर आणखी दोन आठवडे थांबा. आणि गोळीचे तुकडे भाजीच्या सुरीनं करू नका, निम्मी गोळी ओट्यावर भुगा होते. मेडिकलमध्ये गोळी कापायची प्लास्टिकची डबी मिळते.

जोडीला सकाळी उठण्याची वेळ पक्की करा, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप बंद. आणि एक विचारतो, रागावू नका : यजमानांबद्दल या सहा वर्षांत कुणाशी पोटभर बोललात का? पत्रात त्यांच्यावर एकच वाक्य आहे, बाकी जवळजवळ सगळं गोळीवर.

डॉक्टरांना दोष देऊ नका. पहिले पंधरा दिवस ती गोळी योग्यच होती. चुकलं ते पुढे, आणि ते माझ्याकडूनही झालं आहे. तरुणपणी ओपीडीत रांग असायची. जुना रुग्ण, तक्रार काही नाही, मी चिठ्ठीवर ‘चालू ठेवा’ लिहून मोकळा. या गोळ्या आल्या तेव्हा तर वरदानच वाटल्या होत्या. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून आलेलं लिब्रियम १९६० साली बाजारात आलं, पाठोपाठ १९६३ ला व्हॅलियम. त्याआधीची बार्बिट्युरेटं थोडी जास्त झाली की जीव जायचा. त्या मानानं या फारच सौम्य. सवयीचं प्रकरण ध्यानात यायला वेळ गेला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या सगळ्या कुळावर अवलंबित्वाचा चौकटीतला इशारा छापायला लावला तो २०२० साली. रोज घ्यायची असेल तर दोन ते चार आठवडे, हा आता सर्वमान्य अंदाज आहे. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न म्हणजे या लेखाचं शीर्षक.

प्रश्न : वय २९, आयटीत आहे. उड्डाणपुलावर गाडीत पॅनिक अटॅक आला, तेव्हापासून चार महिने एक गोळी चालू होती. इंटरनेटवर वाचलं की सवय लागते, म्हणून बंद केली. आता डोक्यात मधेच वीज चमकल्यासारखं होतं आणि चिडचिड. शिवाय पाकिटात ‘इमर्जन्सी’साठी क्लोनाझेपामची एक गोळी कायम असते. घेत नाही, पण नसली तर घराबाहेर पाऊल पडत नाही. (हिंजवडी)

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या फोटोत स्ट्रिपची मागची बाजू बारीक अक्षरात आहे, ती वाचा. ‘एक गोळी’ म्हणता त्यात दोन औषधं आहेत : एसिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५. आपल्याकडे अशा जोडगोळ्या सर्रास लिहिल्या जातात आणि घेणाऱ्याला पत्ताच नसतो.

यातलं एसिटालोप्राम खरा इलाज. त्याला लागू पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीला काहींची अस्वस्थता वाढतेसुद्धा. तेवढ्या काळापुरतं क्लोनाझेपाम आधाराला. स्लॅब पडला की सेंटरिंग काढतात, तसं महिनाभरात ते काढायला हवं होतं. पण दोन्ही एकाच गोळीत थापलेली असली की एक तेवढं कमी करता येत नाही. एसिटालोप्रामची ओढ लागत नाही, तरी तेही पायरीपायरीनंच सोडावं लागतं. डोक्यातली वीज बहुधा त्याची. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि दोन औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत मागा.

आता पाकिटातली गोळी. पॅनिक बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत शिखर गाठतं आणि उतरू लागतं. क्लोनाझेपामची रक्तातली पातळी शिखराला पोचायला एक ते चार तास लागतात. म्हणजे गोळी गिळल्या गिळल्या वाटणारा आराम गोळीचा नसतो. लाट आपली आपण ओसरत असते आणि श्रेय गोळी घेऊन जाते. न घेतादेखील ती खिशात बसून हेच शिकवते की ‘तू वाचलास माझ्यामुळे’. यावर वर्तनोपचारात चांगलं काम होतं : आधी गोळी डिकीत, मग घरी, मग पुलावर पुन्हा पुन्हा. एकदम फेकून द्यायचा पराक्रम नको.

प्रश्न : माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. ओळखीचे लोक वर्षापूर्वीची चिठ्ठी घेऊन येतात, ‘तीच गोळी द्या’. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतं. एक आजोबा मात्र खरोखर कित्येक वर्षांचे रुग्ण आहेत, न दिली तर त्यांना त्रास होईल अशी भीती वाटते. (पारोळा)

उत्तर : कायदा आपल्याला माहीत आहेच : अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोलपिडेम ही औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. लाल चौकटीचा इशारा, वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टर, रुग्ण आणि किती गोळ्या याची नोंद, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. जुनी चिठ्ठी चालणार नाही. हीच अल्प्राझोलाम मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून पोरांच्या हातात पडते, तेव्हा ती कुणाच्या तरी काउंटरवरून किंवा गोदामातूनच निघालेली असते. गिऱ्हाईक तुटलं तर तुटू द्या.

आजोबांच्या बाबतीत तुमची भीती रास्त आहे आणि तुम्ही ती लिहिलीत याचं मला कौतुक वाटलं. ‘आता बंद झालीय’ म्हणून त्यांना नुसतं परत पाठवू नका. त्यांच्यासमोर त्यांच्या डॉक्टरांना फोन लावा आणि त्याच दिवशी चिठ्ठी करून आणायला सांगा.

प्रश्न : मिस्टर रात्री दोन पेग घेतात आणि वर झोपेची गोळी. म्हणतात, दोन्ही मिळून छान झोप लागते. (वसई)

उत्तर : ती झोप धोक्याची आहे. दारू आणि ही गोळी दोन्ही श्वासाचं केंद्र मंदावतात, आणि एकत्र आली की परिणाम कुठे जाऊन थांबेल ते सांगता येत नाही. या गोळ्यांना वर सौम्य म्हटलं, ते दारूबरोबर लागू नाही. हाक मारून, हलवूनही उठत नसतील किंवा घोरणं मधेच तुटत असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा, ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणत बसू नका. रागाच्या भरात बाटली आणि गोळ्या दोन्ही फेकूनही देऊ नका. रोज पिणाऱ्याचं दोन्ही एकदम तुटलं तर फिट येऊ शकते. ते दवाखान्यात यायला तयार नसतील तर आधी तुम्ही टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर बोला. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : बाबा ७८ वर्षांचे, बरीच वर्षं नायट्राझेपाम घेतात. हल्ली विसरतात, आणि दोनदा रात्री बाथरूमला जाताना पडले. पुढच्या महिन्यात त्यांना भावाकडे दुबईला न्यायचं आहे. गोळ्या सोबत तीन महिन्यांच्या घेऊ का? (फोंडा)

उत्तर : विमानाचं नंतर बघू. म्हातारपणी हे औषध शरीरातून हळू उतरतं. नायट्राझेपाम मुळातच दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळणारं, म्हणजे कालच्या गोळीवर आजची चढते. तोल जाणं आणि विसरणं, दोन्ही त्यामुळे होऊ शकतं. डिमेन्शिया म्हणून माझ्याकडे आणलेले काही आजोबा गोळी उतरवल्यावर नातवंडांच्या परीक्षांच्या तारखा सांगू लागले. सगळ्यांचं असं होत नाही, पण डिमेन्शियाचा शिक्का मारण्याआधी गोळी तपासलीच पाहिजे. जाण्याच्या धांदलीत कपात सुरू करू नका. डॉक्टरांना आत्ता दाखवून आराखडा करून घ्या, कपात परत आल्यावर किंवा तिथे पूर्ण स्थिरावल्यावर.

संयुक्त अरब अमिरातीत ही नियंत्रित औषधं आहेत. प्रवासाआधी तिथली सरकारी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. किती दिवसांच्या गोळ्या नेता येतील तेही त्यात कळेल. डॉक्टरांचं पत्र आणि चिठ्ठी हाताशी ठेवा. गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या, रोजच्या डबीत सुट्या ओतू नका.

आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर एक बारीक दिवा रात्रभर चालू ठेवा. दारातलं पायपुसणं आजच उचला.