बूट अडलं की आधी वाचा, मग बंद करा

लिनक्स सुरू होताना लॅपटॉप अडला की नवी पोरं पहिला हात घालतात ‘एसीपीआय=ऑफ’ला, म्हणजे वीज आणि हार्डवेअर सांभाळणारी एसीपीआय व्यवस्थाच बंद करणाऱ्या पर्यायाला. रिपेअरिंगच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांनो, तो उपाय अगदी शेवटचा. मशीन कदाचित सुरू होईलही, पण बॅटरी दिसणार नाही, शटडाऊन केल्यावर वीज तुटणार नाही आणि बऱ्याच मशीनवर एकच कोर चालेल. गिऱ्हाइकाला असं मशीन परत देऊ नये.

ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ काढा, कंट्रोल-एक्स दाबा आणि पडद्याचा फोटो काढा. शेवटच्या दहा-बारा ओळींतच बहुधा माग लागतो. मात्र ‘एसीपीआय बायोस एरर’ दिसली म्हणून लगेच तिला धरू नका. धडधाकट मशीनही त्या ओळी छापतात. गाडी नेमकी कुठे थांबली ते बघायचं.

पडदा नुसता काळा असेल तर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागला-विझला तर कर्नल जिवंत आहे. मग आधी त्याच ‘लिनक्स’च्या ओळीत ‘नोमोडसेट’ घाला, कारण दोष ग्राफिक्सचा असू शकतो. दिवे आपोआप लुकलुकत असतील तर बहुधा कर्नल पॅनिक.

खरी गोम अनेकदा बायोसमधल्या डीएसडीटी तक्त्यात असते. समोर कोणतं विंडोज आहे हे त्या तक्त्यातला कोड विचारतो, आणि लिनक्स बहुतेक नावांना ‘हो’ म्हणतं, कारण बहुतेक उत्पादक चाचणी प्रामुख्याने विंडोजवर करतात. नव्या विंडोजसाठी लिहिलेली वाटच कधीकधी बिघडलेली असते. तेव्हा ‘एसीपीआय_ओएसआय=!’ लिहून पुढे दुसऱ्या ‘एसीपीआय_ओएसआय=’मध्ये जुन्या विंडोजचं नाव द्या. ‘विंडोज २००९’ म्हणजे विंडोज ७. या एका बदलाने काही अडलेली मशीन सुरळीत चालू लागतात. इंटरप्टची तक्रार असेल तर ‘पीसीआय=नोएसीपीआय’ किंवा ‘नोएपिक’ वापरून बघा.

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. मेनूतला बदल त्या बूटपुरताच टिकतो, त्यामुळे बिनधास्त करून बघा. गुण आल्यावरच ग्रबच्या कायमच्या फाइलीत घाला.

आणि हे सगळं करण्याआधी उत्पादकाच्या साइटवर बायोसची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहा. असेल तर चार्जर लावून, बॅटरी भरलेली ठेवून ती आधी टाका. दोष मुळात बायोसमध्ये असेल, तर तो तिथेच दुरुस्त झालेला बरा.