'मीटिंग' या शब्दाचा अर्थ व उगम

'मीटिंग' हा शब्द आतां खेडोपाडीं मराठीच होऊन बसला आहे. पंचांची मीटिंग, शाळेंत पालकांची मीटिंग, सोसायटीची मीटिंग, असें जो तो म्हणतो. ज्यास इंग्रजीचें एक अक्षर येत नाहीं, तोहि हा शब्द सहज वापरतो. तेव्हां या पाहुण्याचें मूळ कूळ कोणतें, हें पाहणें बोधप्रद होईल.

'मीटिंग' हें नाम 'मीट' या क्रियापदापासून झालें आहे. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत या क्रियापदाचा अर्थ केवळ 'जमणें' एवढाच नव्हता. 'सांपडणें', 'आढळणें', 'गांठ पडणें' असाहि होता. ज्याची गांठ पडली, तो जणूं सांपडला, अशी ती कल्पना होती.

याच कुळांतला दुसरा शब्द 'मोट', म्हणजे सभा. आपल्या विहिरीवरील मोटेशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. इंग्लंडांत दहाव्या शतकांत एडगर राजाच्या वेळीं लहान तालुक्याची सभा दर चार आठवड्यांनीं व परगण्याची सभा वर्षांतून दोनदां भरत असे. तेथें लोक आपले तंटे आणीत व न्याय मागत. राजास सल्ला देणारी जाणत्यांची सभा निराळी असे. हाच शब्द पुढें 'मूट' झाला. कायद्याचे विद्यार्थी सरावासाठीं जो लटका खटला चालवितात, त्यास अजून 'मूट' म्हणतात.

येथें एक सावधगिरी ठेविली पाहिजे. इंग्रजींत 'मीट' असाच उच्चार असलेलें एक विशेषण आहे. त्याचा अर्थ 'योग्य, अनुरूप'. त्याचें नातें 'मापणें' या अर्थाच्या शब्दाशीं आहे, भेटण्याशीं नाहीं. १६११ सालच्या इंग्रजी शास्त्रांत उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत आदामाच्या साहाय्यकाविषयीं हेंच विशेषण आलें आहे. पुढें लोकांनीं दोन शब्द जोडून 'हेल्पमीट' असा एकच शब्द बनविला व तो पत्नीस लावला.

त्याच भाषांतरांत इस्राएल लोकांच्या रानांतील तंबूस बहुतेक ठिकाणीं 'मंडळीचा तंबू' अशा अर्थाचें नांव होतें. १८८५ सालच्या सुधारलेल्या भाषांतरांत तेथें 'भेटीचा तंबू' या अर्थानें 'मीटिंग' हा शब्द घातला. आपल्या मराठी शास्त्रांत त्यास 'दर्शनमंडप' म्हटलें आहे. मूळ इब्री शब्दाचा अर्थ नेमलेली वेळ अथवा नेमलेली भेट असा आहे. लेवीयाच्या पुस्तकांत नेमलेल्या सणांसहि तोच शब्द आहे. म्हणजे लोक कितीहि जमोत, त्या तंबूचें नांव गर्दीवरून पडलें नाहीं, भेटीवरून पडलें.

सतराव्या शतकांत या शब्दासाठीं माणसांनीं दुःखहि सोसलें. जॉर्ज फॉक्स याच्या उपदेशानें इंग्लंडांत उदयास आलेले क्वेकर लोक आपल्या उपासनेसच 'मीटिंग' म्हणत, आणि जागेस 'मीटिंग हाऊस'. कारण चर्च म्हणजे विश्वासणारीं माणसें, दगडमातीची इमारत नव्हे, असें त्यांचें म्हणणें होतें. १६६४ सालीं पार्लमेंटानें कायदा केला कीं, घरच्या माणसांखेरीज पांच किंवा अधिक माणसें राजमान्य नसलेल्या उपासनेस जमलीं तर तो अपराध होय. प्रथम दंड किंवा कैद. तिसऱ्या खेपेस शंभर पौंड दंड, नाहीं तर हद्दपारी. तरी हे लोक उघडपणें जमतच राहिले. १६८२ सालीं ब्रिस्टल शहरांत मोठीं माणसें तुरुंगांत पडलीं, तेव्हां मुलांनींच मीटिंग चालू ठेविली. त्यांनीं मार खाल्ला, पण मीटिंग मोडली नाहीं. १६८९ सालच्या कायद्यानें अशा उपासनेस मोकळीक मिळाली.

त्यांच्या कारभाराच्या सभेची रीतिहि लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तेथें मतें मोजीत नाहींत. सर्वांचें ऐकून सभेचा कल काय तो चिटणीस लिहितो व तेथल्या तेथें वाचून दाखवितो. पटलें नाहीं तर तो विषय पुढें ठेवितात.

आतां आपल्या भाषेकडे पाहूं. आपल्याकडे 'बैठक' बसण्यावरून झाली व 'मेळा' मिळण्यावरून. पण 'भेट' या शब्दाची थोरवी कांहीं निराळीच आहे. माणसाची गांठ पडणें तीहि भेट, आणि प्रेमानें दिलेली वस्तु तीहि भेट.

वाचकहो, आपल्या गांवीं मीटिंगा पुष्कळ होतात. हजेरी लागते, ठराव लिहिला जातो, अंगठे उठतात आणि लोक घरोघर जातात. परंतु कोपऱ्यांत बसलेली विधवा काय सांगणार होती, हें कोणी विचारिलें काय? ज्या दोघां भावांचें बांधावरून बोलणें तुटलें आहे, ते एकाच सतरंजीवर बसून एकमेकांस सांपडले काय? नसतील, तर लोक जमले, पण मीटिंग झाली नाहीं. पुढच्या खेपेस किती आले हें मोजूं, तेव्हां कोण कोणास भेटला हेंहि पाहूं.