राज्य कशाने बनते? आपल्या परिसरातून एक पाठ

नागरिकशास्त्राचा पहिलाच धडा शिकवताना आमची नेहमी एका शब्दापाशी अडचण होते. पुस्तकात 'राज्याचे चार घटक' असा मथळा असतो आणि खाली उदाहरण भारताचे असते. मुले लगेच विचारतात, "भारत हा तर देश. राज्य म्हणजे कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा. मग भारताला राज्य का म्हटले आहे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मराठीत 'राज्य' हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. राज्यशास्त्रात राज्य म्हणजे सार्वभौम राजकीय संस्था. या अर्थाने भारत, नेपाळ, फ्रान्स ही राज्ये आहेत. रोजच्या बोलण्यात मात्र राज्य म्हणजे संघराज्याचा एक भाग, अर्थात घटकराज्य. बेळगाव, निपाणी, खानापूर या भागात 'राज्य' हा शब्द घरोघरी, चहाच्या टपरीवर आणि निवडणुकीच्या सभेत ऐकू येतो. म्हणून हा फरक आपल्याला नीट समजला पाहिजे. हा पाठ विद्यार्थ्यांबरोबर पालकांनीही वाचावा, ही विनंती.

राज्याची उत्पत्ती

राज्य कसे जन्माला आले, याचा कोणी पाहिलेला पुरावा नाही. विचारवंतांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. राजा हा देवाने नेमलेला, असे दैवी सिद्धान्त सांगतो. बलवानाने दुर्बलांना जिंकले व त्यातून राज्य झाले, असे बलसिद्धान्त म्हणतो. कुटुंब, कुळ, टोळी असे वाढत वाढत राज्य झाले, असे तिसरे मत आहे.

चौथे मत कराराचे. त्याचे मूळ आपल्याकडेही सापडते. मोठा मासा लहान माशाला गिळतो, या अवस्थेला आपल्या जुन्या ग्रंथांत 'मात्स्यन्याय' म्हटले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अशी कथा येते की, या अवस्थेला कंटाळलेल्या लोकांनी मनूला राजा केले आणि संरक्षणाच्या बदल्यात धान्याचा सहावा व व्यापारी मालाचा दहावा भाग देण्याचे ठरवले. युरोपात हॉब्ज (१६५१), लॉक आणि रूसो (१७६२) यांनी कराराचा विचार मांडला. हॉब्जने राज्यकर्त्याला जवळजवळ सर्व अधिकार दिले. राज्यकर्त्याने करार मोडला तर लोक त्याला दूर करू शकतात, असे लॉक म्हणाला. सत्ता मुळात लोकांचीच, असे रूसोने सांगितले.

आज बहुतेक अभ्यासक विकासवादी मत मानतात. नातेसंबंध, धर्म, युद्ध, शेतीतले शिलकी धान्य आणि सुरक्षिततेची गरज या सर्वांतून राज्य हळूहळू घडले, असे हे मत. तरीही कराराच्या कथेतले एक सूत्र मोलाचे आहे. लोक कर देतात, तेव्हा बदल्यात काही मिळण्याचा त्यांचा हक्क असतो.

एखाद्या जुन्या काळी एखाद्या ठिकाणी राज्य होते, हे ओळखायचे कसे? यासाठी खानापूर तालुक्यातील हलशीला जाऊ या. हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका. तेथे सापडलेले ताम्रपट सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे असून त्यांत जैन धर्मसंस्थांना जमिनी दान दिल्याची नोंद आहे. साधे दानपत्र वाटते, पण त्याचा अर्थ खोल आहे. जमीन दान देणाऱ्याला तिची हद्द ठाऊक होती, तिच्यावरचा हक्क त्याच्या शब्दाने बदलत होता, आणि तो शब्द पुढच्या अधिकाऱ्यांनीही पाळावा म्हणून तो तांब्यावर कोरला जात होता. हद्द, अधिकार, दप्तर आणि राजा गेला तरी टिकणारी आज्ञा, एवढे जेथे दिसते तेथे राज्य आहे.

राज्याचे चार घटक

कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. आधुनिक काळात १९३३ मध्ये मॉन्टेव्हिडिओ येथे अमेरिका खंडांतील देशांनी केलेल्या करारात राज्याच्या चार कसोट्या आल्या: कायम लोकवस्ती, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. आपल्या पाठ्यपुस्तकात चौथा घटक 'सार्वभौमत्व' असा दिला जातो.

१) लोकसंख्या. किती माणसे हवीत, याला नियम नाही. पॅसिफिक महासागरातील नाऊरू हे सार्वभौम राज्य साधारण बारा हजार लोकांचे आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या बेळगाव शहराची लोकसंख्या पावणेपाच लाखांहून अधिक होती. तरी नाऊरू हे राज्य आहे आणि बेळगाव नाही. केवळ संख्येने राज्य होत नाही.

२) भूप्रदेश. राज्याला जमीन हवी. पण तिची प्रत्येक सीमा वादातीत असली पाहिजे, असे नाही. सीमेबाबत शेजाऱ्यांशी वाद असलेली कितीतरी राज्ये जगात आहेत.

३) शासन. शासन हे राज्याचे यंत्र. निवडणुकीत सरकार बदलते, राज्य बदलत नाही. सरकारवर टीका करणे म्हणजे राज्याविरुद्ध जाणे नव्हे, हे येथेच लक्षात ठेवावे.

४) सार्वभौमत्व. म्हणजे शेवटचा शब्द. आपल्या भूमीत ज्याच्या निर्णयावर वरचा कोणी नाही, तो सार्वभौम. हा घटक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून समजायला अवघड. पण आपल्याच जिल्ह्यातील कित्तूरने तो अगदी स्पष्ट करून दाखवला आहे.

कित्तूरला प्रजा होती, मुलूख होता, किल्ला, फौज आणि कारभार होता. १८२४ मध्ये तेथील राजा शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारला. दत्तक वारस नेमला गेला, पण ईस्ट इंडिया कंपनीने तो नामंजूर केला. प्रश्न एका मुलाच्या दत्तकविधीचा दिसत होता. खरा प्रश्न होता, कित्तूरच्या गादीवर कोण बसणार याचा शेवटचा शब्द कोणाचा? राणी चन्नम्माने तो कंपनीचा मानला नाही. २३ ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांनी कित्तूर घेतले व राणीला बैलहोंगल येथे कैदेत ठेवले. तीन घटक हाती असूनही चौथा गेला की बाकीचे तीनही टिकत नाहीत, हे त्या एका वर्षात दिसले.

तीन सीमा

आता हे चार घटक घेऊन आपल्या भागातील तीन सीमा तपासू या.

पहिली सीमा बेळगाव आणि शहापूर यांच्यामधली. आज शहापूर हा शहराचाच भाग आहे. पण पूर्वी शहापूर सांगली संस्थानात होते आणि बेळगाव ब्रिटिश मुलखात. काही मिनिटे चालले की राजवट बदलत असे. तरी सांगली हे पूर्ण अर्थाने राज्य नव्हते, कारण परराष्ट्र व्यवहार आणि शेवटचा शब्द इंग्रजांकडे होता. मार्च १९४८ मध्ये सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ही सीमा पुसली गेली.

दुसरी सीमा कॅसलरॉकची. लोंढ्याहून रेल्वेने गोव्याकडे जाताना हे स्टेशन लागते. गोवा पोर्तुगीजांकडे होता तोवर ही दोन सार्वभौम सत्तांमधली सीमा होती. पलीकडे दुसरा कायदा, दुसरे नाणे, आणि मालाला जकात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि या सीमेचे स्वरूपच बदलले.

तिसरी सीमा निपाणीजवळ कोगनोळी आणि कागल यांच्यामधली. येथे कर्नाटक संपते व महाराष्ट्र सुरू होतो. पाट्यांची भाषा आणि गाड्यांचे नंबर बदलतात. पण नाणे तेच, नागरिकत्व तेच, सर्वोच्च न्यायालय तेच. कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, येथे प्रवाशांचे तपासणी अहवाल पाहिले गेले, तरी ती काही परदेशाची सीमा झाली नाही. ही घटकराज्यांची सीमा आहे.

घटकराज्य म्हणजे काय?

भारताच्या घटनेचे पहिले कलम भारताला राज्यांचा संघ म्हणते. तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद नवे घटकराज्य निर्माण करू शकते, सीमा व नाव बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. म्हणजे शेवटचा शब्द घटकराज्याचा नाही.

आपला जिल्हा याचे जिवंत उदाहरण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो मुंबई राज्यात होता. राज्य पुनर्रचना कायद्याने चंदगड तालुका सोडून उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक झाले. पुनर्रचनेविरुद्ध येथील मराठी जनतेने आंदोलने केली. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवण्याची शिफारस त्याने १९६७ मध्ये केली व काही गावांची अदलाबदल सुचवली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटक तोच अंतिम मानते. २००४ मध्ये महाराष्ट्राने घटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा अंतिम निकाल अजून लागलेला नाही.

या दाव्याकडे राज्यशास्त्राच्या नजरेने पाहा. आंतरराष्ट्रीय न्यायालयात दोन सार्वभौम राज्यांचा वाद दोघांच्या संमतीशिवाय चालत नाही. आपला वाद मात्र एका पक्षाने दावा करताच न्यायालयापुढे आला, कारण दोन्ही घटकराज्ये एकाच घटनेखाली आहेत. सीमाप्रश्न हा भारताविरुद्धचा प्रश्न नाही. तो भारताच्या घरातील वाटणीचा प्रश्न असून घरातल्याच नियमांनी सुटावयाचा आहे. मराठीचा आग्रह धरणारा आणि कन्नडचा आग्रह धरणारा, दोघेही एकाच राज्याचे समान नागरिक आहेत.

राज्य आणि समाज

शेवटी एक फरक. राज्य आणि समाज एक नव्हेत. आदिलशाही, मराठे, इंग्रज, मुंबई, म्हैसूर, कर्नाटक अशा राजवटी बदलल्या, तरी येथील माणसे एकमेकांशी मराठी आणि कन्नड बोलत राहिली. भाषा राज्याने निर्माण केली नाही. पण तिला जागा देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, आणि ते आपल्या घटनेत लिहिलेले आहे. कलम २९ आपली भाषा व लिपी जपण्याचा हक्क देते. कलम ३० भाषिक अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क देते. कलम ३५० प्रमाणे तक्रारीचे निवेदन देशात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हे कलम आले. अल्पसंख्याक भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक घटकराज्याने करावा, असे ते सांगते.

यांतील ३५०-क हे कलम पुनर्रचनेच्या वेळी विचारपूर्वक घातले गेले, कारण रेषा कोठेही ओढली तरी काही लोक तिच्या पलीकडे राहणारच. उद्या न्यायालयाचा निकाल कोणताही लागो, कोणा ना कोणाला या कलमांची गरज पडेलच. आज आपल्याला आहे, उद्या कदाचित आपल्या कन्नड शेजाऱ्यांना असेल. म्हणून ही कलमे पाठ असणे आणि वेळ आली की निवेदनात लिहिता येणे, हे मराठी शाळेतील प्रत्येक मुलाला आले पाहिजे. सहाव्या हिश्श्याचे धान्य देणाऱ्या त्या प्रजेप्रमाणे आपणही कर भरतो. बदल्यात काय मागायचे, हे आपल्याला ठाऊक हवे.

स्वाध्याय

१) 'राज्य' शब्दाचे दोन अर्थ सांगून प्रत्येकी दोन उदाहरणे द्या.
२) शहापूर, कॅसलरॉक व कोगनोळी येथील सीमांची तुलना चार घटकांच्या आधारे करा.
३) शासन आणि राज्य यांतील फरक स्पष्ट करा.
४) कित्तूरच्या घटनेतून सार्वभौमत्वाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५) उपक्रम : घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा, त्यांच्या हयातीत आपला गाव कोणकोणत्या राज्यात होता. घरात जुना सातबारा, दाखला किंवा खरेदीखत असेल, तर त्यावर राज्याचे कोणते नाव आहे व मजकूर कोणत्या भाषेत आहे, ते पालकांसमवेत पाहून वहीत नोंदवा.